साबणाने धुतलेले दगड

आलेटा कूपमन सोमवारी सकाळी सातपासून चर्चच्या फाटकात उभी होती, साठ खोकी नारिंगी फुलांची वाट बघत. सव्वानऊला एक खडखडणारी लॉरी आली, आणि तिच्यात फूल औषधालाही नव्हतं. होते ते दगड. पांढऱ्याशुभ्र गारगोट्या – मुठीएवढ्या, लिंबाएवढ्या, बोराएवढ्या – चाळीस पोती भरून.

लॉरी फाटकात शिरली, एकदा खोकली आणि नेमकी आडवी बंद पडली. दार उघडून एक उंच माणूस खाली उतरला. हॅटपासून बुटांपर्यंत धूळच धूळ, पापण्यासुद्धा पांढऱ्या. त्यानं हॅट काढली, आलेटाकडे बघितलं आणि मग खाली बघितलं – तिच्या बुटांकडे.

तेवढ्यावरून तिनं त्याला ओळखलं.

"तुम्ही?"

"मीच."

गेले पाच शनिवार दुपारी गायनमंडळाचा सराव चालू असताना हा माणूस उत्तरेच्या खिडकीखालच्या बाकावर येऊन बसायचा. गायचा नाही, डोळे मिटायचा नाही, टाळी वाजवायचा नाही. फक्त खाली बघत राहायचा, आणि बघायचा तो आलेटाच्या पायांकडे. गायनमंडळातल्या मुलींनी त्याचं नाव बूटबघ्या ठेवलं होतं. आलेटाचे बूट तिच्या वडिलांनी घरी शिवलेले, साध्या कातड्याचे होते. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तर तिला जास्तच राग यायचा.

"ही फुलं?" तिनं पोत्यांकडे बोट दाखवलं.

"फुलं नाहीत. दगड आहेत."

"ते दिसतंय मला. डोळे आहेत."

"मग विचारलंत का?"

आलेटानं मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. "मी लाटसोनच्या शेताला पत्र लिहिलं होतं. साठ खोकी. नारिंगी. दोनदा लिहिलं होतं."

"तीनदा. शेवटी खाली रेघही मारली होती. मी तिथला मुकादम आहे, पत्र मीच वाचलं." त्यानं हॅट झटकली, धुळीचा ढग उडून तिच्या अंगावर आला. "पण यंदा समुद्राकडचा पाऊसच आला नाही. लाटसोनवर आता नारिंगी म्हणून एकच वस्तू आहे, मालकिणीची छत्री."

"मग कळवायची रीत नाही?"

"कळवलं. गुरुवारी पत्र टाकलं, तुमच्या नावानं."

"मी स्वतः पोस्टाच्या खिडकीत बसते. मला कसलंही पत्र मिळालेलं नाही."

"तुम्ही गुरुवारपासून सुटीवर आहात ना… या बागेसाठी?"

पत्र आलेटाच्याच खिडकीमागे, तिच्याच खणात पडून होतं. कधी कधी माणसाला रागवायलासुद्धा जागा उरत नाही.

नव्या सरकारचं ते तिसरं वर्ष. सौतफ्लेईला जाणारा रस्ता तेव्हा अजून मातीचा होता आणि खालच्या वस्तीतलं दगडी चर्च सगळ्यांना पुरत होतं. दरवर्षी ऑगस्टअखेर, तिकडच्या वसंतात, चर्चमधले बाक बाहेर काढायचे आणि चार दिवसांसाठी सगळं माळरान आत आणायचं – शेवाळ, माती, खडक, फुलं – अशी तिथली रीत होती. सोमवारी बाक परत आत, बाग नाहीशी. व्यासपीठापासून दारापर्यंतची मधली बाग सतरा वर्षं आलेटाची आई मग्रीता करायची. नारिंगी फुलांची नदी. ती बघायला केपटाउनहून बसगाड्या यायच्या. मग्रीता जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि यंदा समितीनं मधली जागा आलेटाला दिली होती. पण देताना हात आखडता होता. एक वर्ष बघू, म्हणाले होते.

"हे काय आणलंय?"

सगळ्या गावाची टानी, म्हणजे मावशी, हेस्टर हातात फडकं घेऊन फाटकाशी आली होती. टानी हेस्टर ब्यूकस फूलसमितीची प्रमुख होती आणि वय एकाहत्तर असलं तरी धूळ दिसली की तिचे हात शिवशिवायचे. बोलता बोलता तिनं लॉरीचा दिवासुद्धा पुसला.

"दगड, टानी," तो अदबीनं म्हणाला. "आणि मागे बारा पेट्या रोपं आहेत. दगडांमधली. मातीसकट उचलली आहेत. तिथून पाण्याच्या नळाचा चर जाणार आहे, म्हणून काढावीच लागली. इथं चार दिवस राहतील, मग मी त्यांना पलीकडच्या उतारावर लावणार."

टानीनं एका पेटीत डोकावून बघितलं. तांबूस, फुगीर, वाटाण्याएवढे गोळे. काही करडे, मधोमध चीर पडलेले. "ही तर बाळांच्या ढुंगणासारखी दिसतात."

"आम्ही त्यांना तेच म्हणतो, टानी."

"चर्चमध्ये म्हणू नकोस. नाव काय तुझं?"

"एफ्राइम फारो."

"फारो." टानीनं मान हलवली. "म्हणजे बायबलातल्या मिसरच्या राजाचं नाव. देवानं दहा संकटं धाडली तरी ऐकायचं नाही, असं ना?" मग ती आलेटाकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. "पोरी, गुरुवारी पहिली बस येते. वरच्या गावातली फुलवाली बाई रोज फोन करते. तिच्याकडे काचघरातली फुलं तयार आहेत. मला तिला मधली जागा द्यायची नाही. पण मला बाग हवी, खडी नको. आणि एकदा ती आत आली की दरवर्षी तीच येणार, हे तुलाही माहीत आहे."

आलेटाला माहीत होतं. आईची जागा जाणार, एवढाच त्याचा अर्थ होता.

टानी गेल्यावर ती एफ्राइमकडे वळली. "हे सगळं परत न्या."

"नेतो," तो म्हणाला. "लॉरी सुरू झाली की."

लॉरी सुरू झाली नाही. ढकलून कडेला लावली, ती आठवडाभर तिथंच राहिली.

*

मंगळवारी सकाळी एफ्राइम शेतावर राहिलेल्या आणखी पेट्या आणायला कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून लाटसोनला गेला. जाताना एवढंच म्हणाला, "दगडांना हात लावू नका."

असं कुणी सांगितलं की आलेटाचे हात आपोआप पुढे व्हायचे. फुलं तर आता कुठूनच मिळणार नव्हती; दगड वापरायचेच असतील, तर निदान चर्चमध्ये शोभतील असे तरी करू, असा तिनं विचार केला. पोतं उघडून बघते, तर एकेक दगड वरून पांढरा आणि खालून कसली तरी हिरवट बुरशी लागलेला. सौतफ्लेईच्या बायका चर्चमध्ये झाडूसुद्धा धुऊन नेतात. आलेटानं बादली भरली, साबणाचा बार घेतला, घासायचा ब्रश घेतला आणि अंगणात बसून दगड घासायला लागली. दुपारपर्यंत दीड पोतं लख्ख झालं. उन्हात ते दगड असे चमकत होते की तिला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

चारच्या सुमाराला एफ्राइम आला. त्यानं दगडांची ती ओळ बघितली, बादलीतलं हिरवं पाणी बघितलं, आणि पायरीवर बसला.

"स्वच्छ केले," आलेटा म्हणाली. "बुरशी होती."

तो गप्प.

"तुमच्याकडे चालत असेल, पण हे देवाचं घर आहे…"

त्यानं एक दगड उचलला, उलटा केला, अंगठ्यानं त्याची खालची बाजू चाचपली आणि परत ठेवला, झोपलेल्या लेकराला ठेवावं तसा.

"अरे, बोल ना काहीतरी!" ती म्हणाली. तोंडून 'अरे' कधी निघालं, तिला कळलं नाही. "ओरड. शिव्या दे. पण तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नकोस."

मग त्यानं न धुतलेल्या पोत्यातला एक दगड काढला. उठून तिच्या शेजारी उभा राहिला आणि कलत्या सूर्यासमोर तो दगड धरला.

"बघ."

दगडातून ऊन आरपार येत होतं. दुधात दिवा लावावा तसं. आणि तळाशी, जिथं तो मातीत रुतलेला असायचा तिथं, पातळ हिरवी साय होती… जिवंत, ओलसर.

"ही बुरशी नाही," तो हळू म्हणाला. "माळावर वरती काही टिकत नाही. ऊन जाळतं, वारा खातो. म्हणून ही दगडाखाली राहते. डोक्यावर दगड, आणि दगडातून गाळून येईल तेवढंच ऊन. तेवढ्यावर जगते. माझी आजी म्हणायची, माळ मेलाय की जिवंत आहे ते विचारायचं असेल, तर दगड उलटा करून बघावं."

आलेटानं बादलीत बघितलं. "परत येते का?"

"येते."

"किती दिवसांनी?"

"आठ-दहा…"

"दिवस?"

"वर्षं."

ती मटकन त्याच पायरीवर बसली. तो म्हणाला, "साबण बाकी चांगला आहे. वास छान येतो." ती एवढी चिडली की तिनं ओला ब्रश त्याच्या दिशेनं फेकला. तो त्यानं झेलला, आणि हसला. त्याला हसताना तिनं पहिल्यांदाच बघितलं. पुढचा एक दात किंचित वाकडा होता. त्या दाताचाही तिला राग आला, कारण तो पुन्हा दिसावा असं तिला वाटलं.

"दगड परत नेऊ नकोस," ती म्हणाली. "पण बाग मी करणार. तू मध्ये बोलायचं नाही."

"एकच गोष्ट बोलणार."

"बोल."

"उत्तरेच्या दुसऱ्या खिडकीसमोर करायची, इथं ऊन त्याच बाजूनं येतं. सराव करताना तुझा डावा बूट जिथं असतो, तिथून व्यासपीठाकडे बारा पावलं. सव्वादोन ते साडेतीन तिथं ऊन असतं. ही रोपं दुपारीच उमलतात, आणि उन्हाशिवाय ढिम्म उघडत नाहीत."

आलेटा त्याच्याकडे बघतच राहिली. "पाच शनिवार… तू ऊन मोजत होतास?"

"हो."

"माझ्या बुटानं?"

"दुसरं काही जागेवर थांबत नव्हतं. बाकीच्या मुली सारख्या हलतात."

पाच शनिवार तिनं या माणसाच्या नजरेवर खर्च केले होते! नवा स्कर्ट घातला होता एकदा. आपण चिडलोय ते तो बुटांकडे बघत होता म्हणून, की फक्त बुटांकडेच बघत होता म्हणून, हे तिचं तिलाच कळेना. तिनं बादली उचलून पाणी ओतून टाकलं. मग आठवलं त्यात काय होतं ते, आणि परत वाईट वाटलं.

*

बुधवारी समुद्राकडून धुकं आलं, ते हललंच नाही. त्या करड्या उजेडात दोघं चर्चच्या फरशीवर ताडपत्री अंथरून, माती पसरून दगड मांडत होती. एफ्राइमचा एकेक दगड म्हणजे एकेक खटला.

"हा असा नको."

"का?"

"याचं तोंड तिकडे होतं."

"दगडाला तोंड असतं?"

"तुझ्या शेजारचा बघ. रुसलाय."

"तो रुसलेला नाही, दगड आहे. एफ्राइम, मला उद्या सकाळी नऊला हे पुरं करायचंय."

"मग बोलू नकोस. मांड."

दुपारी टानीनं पाठवलेले निखाऱ्यावरचे पाव आणि रॉयबॉसच्या झुडपाचा लाल चहा आला. पाव मोडून त्यानं मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवला आणि लहान स्वतः घेतला, काही न बोलता. तेही तिला खटकलं. इतका हट्टी माणूस पावाच्या बाबतीत एवढा शहाणा का वागतो?

अडचण मोठी होती. उभं राहून बघितलं की बाग दिसतच नव्हती. दिसायचे फक्त पांढरे दगड. रोपं त्यांच्यात अशी लपायची की बोट लावल्याशिवाय कळू नये. आलेटा चारी बाजूंनी फिरली, स्टुलावर चढली, दारातून बघितलं. काही नाही. आईची नदी दारात पाय ठेवताच अंगावर यायची. ही बाग तर तोंड लपवून बसली होती, आणणाऱ्यासारखी.

"टेबलावर मांडू," ती म्हणाली. "उंचावर."

"मुळं गारठतील."

"आरसे लावू."

"रोपं घाबरतील."

"तुझी रोपं! नाजूकपणात राजघराण्यातली सून बरी." ती वैतागून खाली वाकली, एक निसटलेला दगड उचलायला. गुडघे टेकले. आणि तशीच थांबली.

खाली आल्यावर सगळंच बदललं. दगडांच्या टेकड्या झाल्या, मधल्या फटींच्या वाटा झाल्या, आणि वाटावाटांवर ते तांबूस गोळे, करड्या जोड्या, एक बोटभर उंचीचं खोड, त्याच्यावर मोहरीएवढी कळी… अख्खा मुलूख होता तो. तिच्या नाकाच्या उंचीवर.

"एफ्राइम…" ती म्हणाली. "ही बाग उभ्या माणसाची नाहीच."

तो पलीकडून गुडघ्यांवर आला. दगडांच्या त्या मुलखापलीकडे त्याचा चेहरा होता, फार जवळ. पापण्यांवर आज धूळ नव्हती.

"मी माळावर नेहमी असंच बघतो," तो म्हणाला. "मला वाटलं, सगळ्यांनाच ठाऊक असेल."

आलेटानं वडिलांच्या कातड्याच्या दुकानातून मेंढ्यांची कातडी आणली आणि बागेच्या चारी कडांना अंथरली, केस वर करून. दीड पोतं धुतलेले दगड तिनं कडेला एका ओळीत लावले, आणि काही न धुतलेले मधोमध उलटे, हिरवं पोट वर करून ठेवले. चार दिवसांनी ते पुन्हा पालथे करायचे, असं एफ्राइमकडून वदवून घेतलं.

संध्याकाळी टानी हेस्टर बघायला आली. फडकं हातातच राहिलं. ती उभी होती. उभ्या माणसाला दिसायचं तेच तिला दिसलं.

"ही बाग?"

"खाली बसून बघायची आहे, टानी. गुडघ्यांवर."

"या चर्चमध्ये कुणी गुडघे टेकत नाही." टानीचा आवाज चढला नाही, पण घट्ट झाला. "देवासमोरसुद्धा आपण उभे राहतो. माझ्या आईनं शिकवलंय, तुझ्याही आईनं. आता दगडांसमोर टेकू?"

"टानी, उद्या ऊन आलं की –"

"आणि नाही आलं तर?" टानीनं खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघितलं. "तुझ्या आईची जागा आहे म्हणून सांगते. उद्या तीनपर्यंत. साडेतीनला त्या फुलवाल्या बाईची गाडी दारात असेल. मी फोन केलाय."

*

गुरुवारी अकरापर्यंत धुकं होतं. बारा वाजता ते खिडक्यांच्या वर सरकलं आणि तिथंच लोंबत राहिलं. दीडला बस आली.

लोक आत आले, उभे राहिले, इकडून तिकडून बघितलं. कडेच्या छोट्या बागांमधली निळी-जांभळी फुलं बघून आनंदले. मधल्या बागेपाशी आले की आवाज खाली यायचे. एक गृहस्थ आलेटाला म्हणाले, "ही अजून पुरी व्हायची आहे वाटतं?" एका बाईनं मेंढीच्या कातड्याला बुटाचं टोक लावून बघितलं आणि विचारलं, विकायला आहेत का.

हसून हसून आलेटाचे गाल दुखले. एफ्राइम खिडकीखाली, बाकांशिवायच्या रिकाम्या भिंतीला टेकून उभा होता. धुक्याकडे बघत नव्हता, घड्याळाकडेही नाही. आज तो तिच्याकडे बघत होता. चेहऱ्याकडे.

"तिकडे बघ," ती त्याच्याजवळ जाऊन पुटपुटली. "ऊन तिकडून येणार आहे, माझ्या नाकावरून नाही."

"ते येईल. ते माझं ऐकून थोडंच येणारे."

"तुला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटतं ना. मघापासून पोटात दगड आहेत." तो जरा थांबला. "न धुतलेले."

तिला हसू आलं, आणि हसू आलं याचाच संताप आला.

दोन वाजून वीस मिनिटांनी खिडकी उजळली. आधी तावदान, मग भिंत, मग ऊन फरशीवर उतरलं आणि सांगितल्या जागी, पांढऱ्या दगडांवर येऊन बसलं. दगड आतून पेटल्यासारखे झाले. पण फुलं? उभ्या माणसाला काही दिसेना. पावणेतीन वाजले. टानी हेस्टर बागेपाशी आली, पदराच्या टोकासारखं ते फडकं बोटाला गुंडाळत. वाकून नीट बघावं म्हणून तिनं चष्मा काढून पुसला – आणि तो हातातून निसटून दगडांत पडला.

"थांबा टानी, मी देते," आलेटा धावली. पण टानी एका हातानं कडेचा खडक धरून, कुरकुरत, आधी एक आणि मग दुसरा गुडघा कातड्यावर टेकून खाली गेली होती. चष्मा सापडला. तिनं तो डोळ्यांवर चढवला. आणि ती उठेना.

बसमधल्या दोघी-तिघी घाबरून पुढे आल्या. कुणीतरी पाणी मागितलं. आलेटानं टानीच्या दंडाला धरलं. "टानी, लागलं का? उठवू?"

"हात काढ," टानी हेस्टर म्हणाली. "मला कुणी उठवायचं नाही."

तिच्या नाकाखाली, दोन गारगोट्यांच्या फटीत, वाटाण्याएवढ्या गोळ्यातून एक फूल उघडत होतं. पांढरं, टोकाला गुलाबी, शर्टाच्या बटणाएवढं. त्याच्या शेजारी दुसरं. मग वाटावाटांवर, टेकड्यांच्या आडोशाला, जिथं जिथं उन्हाचं बोट पोचलं होतं तिथं तिथं. इतक्या हळू, की बघताना कळत नव्हतं. पापणी मिटून उघडली की एक पाकळी पुढे. आणि मधोमध त्या उलट्या दगडांची हिरवी पोटं, उन्हात ओली दिसणारी.

टानी बराच वेळ तशीच होती. मग मान वर न करता म्हणाली, "मग्रीताला हे आवडलं असतं. पण तिनं कधी खाली वाकून बघितलं नसतं. तीही माझ्यासारखीच ताठ होती." आणि मागच्यांना म्हणाली, "उभे काय राहिलात? बसा. कातडी कशाला अंथरलीत पोरीनं?"

आधी ती किंमत विचारणारी बाई बसली. मग ते गृहस्थ, गुडघ्यांचे आवाज करत. थोड्या वेळानं चर्चमध्ये उभं असं कुणी राहिलंच नाही. साडेतीनला दारात गाडी थांबल्याचा आवाज आला, तेव्हा टानीनं मान वळवली आणि कुणालातरी सांगितलं, "त्या बाईला सांगा, बूट झटकून आत यायचं. आणि जागा नाही म्हणावं, गुडघ्यापुरती असेल तर बघ."

*

रविवारी संध्याकाळी बाग संपली. सोमवारी बाक आत गेले. एफ्राइमची लॉरी बुधवारीच दुरुस्त झाली होती, हे आलेटाला सोमवारी कळलं, तेही दुसऱ्याकडून. ती पेट्या चढवायला लाटसोनपर्यंत बरोबर गेली. रोपं नव्या उतारावर लावायला दोन हात जास्त हवेत, असं कारण होतं. कारण कुणी विचारलं नव्हतं.

उतारावर वारा होता. दोघं गुडघ्यांवर, चार हातांच्या अंतरावर, एकेक रोप मातीत बसवत होती.

"एक विचारू?" आलेटा म्हणाली.

"नको म्हटलं तर थांबशील?"

"ऊन कुठे पडतं ते बघायला किती शनिवार लागतात?"

त्यानं एक दगड पालथा केला, परत उचलला, परत पालथा केला. "ऊन सरकतं दर आठवड्याला."

"किती शनिवार, एफ्राइम?"

"…दोन."

"तू पाच आलास."

"हो."

"मग बाकीचे तीन?"

तो हातांची माती झटकत राहिला. झटकण्यासारखी माती उरली नव्हती. "तिसऱ्या कडव्याला तू दरवेळी सूर सोडतेस," तो शेवटी म्हणाला. "वरच्या सुराला. सगळ्या वर जातात आणि तू खालीच राहतेस. मला वाटायचं, या शनिवारी जाईल… म्हणून यायचो."

"मी सूर सोडत नाही."

"सोडतेस."

"सत्तर किलोमीटर लॉरी हाकत तू माझी चूक ऐकायला यायचास?"

"चूक नव्हे." त्याचे कान लाल झाले होते, त्या रोपांसारखे. "ती ऐकली की आठवडा बरा जायचा. एवढंच. आता तू रागावशील."

आलेटा रागावलीच होती. गेला आठवडाभर ती रागावलेलीच होती, आणि आठवडाभरात इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकदम कशा, हे तिला कळेना. तिनं शेवटचं पोतं ओढलं – ते दीड पोतं, साबणाच्या वासाचं.

"हे कुठे लावायचे?"

"कुठेही. हिरवं यायला दहा वर्षं जातील."

"मग कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

"मी ठेवीन."

"तू नाही. धुतले मी." तिनं एक दगड घेतला, लख्ख, निर्जीव, आणि त्याच्या अगदी जवळ, त्याच्या गुडघ्याला लागून मातीत रोवला. "दरवर्षी येऊन उलटा करून बघावा लागेल. रविवारी येऊन जमायचं नाही. इथंच राहावं लागेल."

एफ्राइमनं त्या दगडाकडे बघितलं. मग तिच्याकडे. "दहा वर्षं?"

"मोजून. मध्येच हिरवं आलं तर बघू."

तो हसला. तो वाकडा दात तिला पुन्हा दिसला. वारा थांबला नव्हता, पण कुणाला तो जाणवला नाही.

पुढे दर ऑगस्टात ती त्या उतारावर जाऊन तो दगड उलटा करायची. दहावं वर्ष कोरडंच गेलं, आणि आलेटा दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. अकराव्या वर्षी तिनं तो उचलला, सूर्याकडे धरला आणि हाक मारली. एफ्राइम खालून धापा टाकत वर आला. तळाशी, नखाएवढा, पातळ हिरवा डाग होता.

त्यानं डोळे अगदी जवळ नेऊन बघितलं. मग म्हणाला, "साबण जरा कमी लावला असतास, तर गेल्याच वर्षी आला असता."

आलेटानं तो दगड होता तसा, त्याच बाजूनं, पुन्हा मातीत पालथा घातला.

"अजून पुरता कुठे आलाय," ती म्हणाली. "बघावं लागेल."